मदत हवी आहे : पतंग डोक्यावर आला की मागे कोसळतो (स्नोकाइटिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने हिमावर स्की करणं)

पांढरंरान
यंदा हिम भरपूर, वाराही रोज आहे, आणि पतंग टिकत नाही. डोक्यावर येतो नि शेपटाकडून मागे कोसळतो. बार (हातातली दांडी, जिला दोऱ्या जोडलेल्या असतात) आत ओढला की हमखास. दोऱ्या गुंतलेल्या नाहीत. लवकर सांगा, वारा वाया चाललाय.

ढील
फॉइल (वाऱ्यानेच फुगणारा कापडी) की पंपाने फुगवायचा? किती चौरस मीटर? वारा किती नॉट? दोऱ्या जुन्या आहेत का?

पांढरंरान
फॉइलच. ओपन सेल (पुढून उघडे कप्पे), १० मीटर. वारा १०-१२.

उंचवटा
क्लोज्ड सेल (झडपांचे बंद कप्पे) घ्या. ओपन सेलमध्ये हिम शिरतं, पतंग जड होतो.

ढील
खरेदीचा सल्ला कुणी मागितलाय? क्लोज्ड सेलमध्येही शिरतं, वर ओल आत अडकते. ओपन सेलच्या टोकाचं वेल्क्रो उघडून झटकलं की झालं. दोऱ्यांचं वय राहिलं.

भुरभुर
ताज्या हिमात रुंद स्की वापरा, अरुंद रुततात.

पांढरंरान
स्की ठीक आहेत हो! दोऱ्यांचा हा तिसरा हिवाळा.

उंचवटा
मग टेकडीच्या आडोशाला उभे असाल. तिथे वारा गरगरतो.

ढील
तसं असतं तर बार सोडलेला असतानाही कोसळला असता. इथे ‘बार ओढला की हमखास’ आहे. मुख्य भार पुढच्या दोऱ्यांवर येतो, त्या हळूहळू ताणून लांब होतात. मागच्या आपोआप आखूड ठरतात, पतंगाची मागची कड सतत खाली ओढलेली राहते आणि तो गुदमरतो, म्हणजे उचल संपून मागे पडतो.
चारही दोऱ्यांची टोकं एका खुंट्याला अडकवा, ट्रिमचा पट्टा (पुढच्या दोऱ्या आखूड करणारा) पूर्ण सोडा, बार पूर्ण आत घ्या आणि ओढा. पुढच्या ढिल्या पडल्या तर दोष तोच. आज उडवायचंच असेल तर कोसळणं थांबेपर्यंत पट्टा ओढा. कायमचा उपाय म्हणजे मागच्या दोऱ्यांची जोडणी लीडरवर (दोरीच्या टोकाचा गाठी मारलेला छोटा तुकडा) अशा गाठीला घेणं की त्या लांब होतील. दोरी कापू नका.

भुरभुर
अवांतर : गोठलेल्या तळ्यावर असाल तर भोक पाडून जाडी मोजा. पारदर्शक बर्फ किमान १० सेंमी हवा, पांढऱ्याची ताकद जवळपास निम्मी. वर हिमाचा जाड थर असला की खालचं गोठणं मंदावतं, म्हणून अशाच हिवाळ्यात फसगत होते.

पांढरंरान
तळं नाही, पठार आहे. मोजलं. पुढच्या ७ सेंमी लांब निघाल्या! पट्टा ओढल्यावर डोक्यावर स्थिर राहतोय. गाठ एकदम ७ सेंमी पुढे घेऊ?

ढील
नको, आधी ३ घ्या, उडवून बघा, मग पुढची. मागच्या जास्त सैल झाल्या तर वळायला आळस करेल. आणि उडवण्याआधी क्विक रिलीज (संकटात पतंगाची ओढ सोडवणारी कळ) एकदा सोडून बघा, त्यात हिम गोठून बसतं.