अनुभव धागा: पन्नाशीनंतर गळ्यात पडलेला कॅमेरा

पक्षी आणि किल्ल्यांसाठी धागे भरपूर आहेत. हा माणसांच्या फोटोंचा. उतारवयात ज्यांना माणूस, त्याची जागा आणि त्याची गोष्ट एका चौकटीत बसवायचा नाद लागला, त्यांनी लिहावं. फसलेलं आधी लिहा. सुरुवात मीच करतो.

सांगली, वय ६३
बँकेतून निवृत्त झालो तेव्हा लेकीने कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स घेऊन दिली. पहिली शिकार गल्लीतले शिंपीकाका. त्यांनी वरचं बटण लावलं, केस चापून बसवले आणि आधारकार्डाला बसतात तसे बसले. मी एफ १.८ वर (लेन्सचं भोक मोठं, मागचं सगळं धूसर) चाळीसेक फोटो काढले. डोळे लखलखीत, मागचं दुकान पार विरघळलेलं. घरी येऊन बघतो, तर हा माणूस एलआयसी एजंटही असू शकला असता!

पुढच्या आठवड्यात पँट आल्टर करायला म्हणून गेलो, कॅमेरा पिशवीतच. बोलता बोलता काकांनी वडिलांची कात्री काढली. अंगठ्याच्या कडीला आतून चिंधी गुंडाळलेली. वडिलांचा अंगठा जाड, यांचा बारीक, म्हणून कडी सैल होते. तेव्हा विचारून फोटो घेतला, एफ ८ वर, म्हणजे भोक बारीक, पुढचं-मागचं सगळं स्पष्ट. दुकानात उजेड कमी, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढवला, फोटोत दाणे आले. पण कात्री, चिंधी, मशीन, भिंतीवरचे वडील, सगळं दिसतं. काका माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

कोल्हापूर जिल्हा, वय ५४
मी चुलतसासूबाईंपासून सुरुवात केली. वय नव्वदीला टेकलेलं. कॅमेरा बघून म्हणाल्या, "हार घालायला फोटू काढतीस व्हय?" आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो म्हणजे तोच, त्यांचं काय चुकलं? सोप्यात दारातून एकाच बाजूने उजेड येत होता, अर्धा चेहरा काळा. म्हणून उजेड परतवायला जाऊबाईंना गणपतीच्या जुन्या मखरातला थर्माकोल घेऊन दुसऱ्या बाजूला उभं केलं. तर म्हातारी म्हणते, "आता मलाच मखरात बसवा!" आणि तोंडावर पदर धरून हसली. त्या हसण्याचा फोटो आहे. हार घालायला उपयोगाचा नाही, त्यात तोंडच दिसत नाही.

नागपूर, वय ५८
माझं छोटंसं. सहा महिने लेन्सला शिव्या दिल्या, सगळं धूसर दिसतं म्हणून. दुकानदाराने व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) बाजूचं बारीक चाक दाखवलं, डायॉप्टरचं. चाळिशीचा नंबर तिथे जुळवायचा असतो. फोटो पहिल्यापासून ठीकच होते, डोळे म्हातारे झाले होते.

पुणे, वय ४९
"या वयात काय" असं ऐकवणाऱ्यांना मी फोटोग्राफर जूलिया मार्गारेट कॅमेरॉन सांगते. जन्म कोलकात्याचा, १८१५. इंग्लंडमध्ये राहत असताना १८६३ मध्ये लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा बाई ४८ वर्षांच्या. कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. ओलं रसायन लावलेल्या काचेवर फोटो घ्यायचं काम, समोरच्याला मिनिटं-मिनिटं न हलता बसावं लागे. घरच्या मोलकरणीलाही बसवलं आणि शेजारच्या कवी टेनिसनलाही. फोकस नीट नाही म्हणून टीकाकारांनी झोडपलं. बाई बदलल्या नाहीत. (सांगलीकर, तुमच्या दाण्यांचं मनावर घेऊ नका.)

ठाणे, वय ६६
फसलेलं लिहा म्हणालात म्हणून. भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला, त्यांनी हौसेने काढू दिला. नवरा गेल्यावर गाडी कशी हाती घेतली, तेही सांगितलं. मी फोटोखाली ती सगळी हकिगत लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. फिरत फिरत ती त्यांच्या मुलाच्या फोनवर पोचली. तो गाडीवरच भेटला. "काका, फोटो चांगलाय. पण आईने हे तुम्हाला सांगितलं होतं, बिल्डिंगला नाही." पोस्ट काढली, ग्रुपवर माफी मागितली.

आता आधी पाच बाय सातची प्रिंट नेऊन देतो, मजकूर वाचून दाखवतो, खोडा म्हटलं तर खोडतो. मावशी अजून मला भाजी देतात. कॅमेरा बघितला की मात्र कोथिंबीर निवडायला घेतात.