मदत हवी आहे: पी१६ वाढलाय तरी पेशी थांबत का नाही? (अर्जंट)

वाशिष्ठीकाठ: सोमवारी सेमिनार आहे आणि मी एकाच जागी अडकलेय. पी१६ म्हणजे ट्यूमर सप्रेसर, पेशींची वाढ रोखणारं प्रथिन ना, मग ट्यूमरमधेच तो एवढा भरभरून कसा दिसतो?? उलट गायब असायला हवा. सरांना विचारलं तर म्हणाले वाचून ये. प्लीज लवकर सांगा, पाऊस धरलाय, लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

लॅबवाला_रत्नागिरी: कुठला ट्यूमर? व्हायरस कुठला? काहीच लिहिलं नाहीयेस.

हर्णै_बंदर: बायोप्सी कुठून घेतली? गालाचा असेल तर पी१६वर फार विसंबू नका, विषाणूची खूण म्हणून तो घशात, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कामाचा. आपल्याकडे गालाचा कॅन्सर म्हणजे बहुतेक वेळा तंबाखूच. आमच्या वाडीत बायका अजून रोज सकाळी मिश्री लावतात, सांगून सांगून थकलो. पेशंटचं वय काय?

वाशिष्ठीकाठ: काका पेशंट नाहीये हो, सेमिनार आहे! गर्भाशयमुखाचा, एचपीव्ही १६ (ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा १६ नंबरचा प्रकार), अजून काय.

लॅबवाला_रत्नागिरी: हेच आधी हवं होतं. आता बघ, पी१६ अडवतो सीडीके४ आणि सीडीके६ ला, म्हणजे पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या दोन एन्झाइमना. हे दोघं आरबी या ब्रेकसारख्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, मग आरबी धरून ठेवलेल्या ई२एफला (विभाजनाच्या जीन्स चालू करणारं प्रथिन) सोडतो आणि पेशी जी१ या तयारीच्या टप्प्यातून एस मधे, म्हणजे डीएनएची नक्कल करायच्या टप्प्यात जाते. एचपीव्हीचं ई७ प्रथिन थेट आरबीलाच धरून त्याचा नाश करवतं, म्हणजे सीडीके असो नसो, ई२एफ मोकळाच. आणि आरबी गेला की पी१६वरचा दाबही जातो, म्हणून तो वाढत राहतो. नांगरावर नांगर टाकतायत पण दोरच कापलेला, होडी थांबणार कशी. म्हणून तर पॅथॉलॉजीत पी१६ला एचपीव्हीची खूण धरतात.

मालवणचो_झील: आमच्या काकीचो रिपोर्ट पण असोच इल्लो. माझा एकच सांगणा, पोरींका एचपीव्हीची लस देवा. ९ ते १४ वर्षांत दोनच डोस, आता आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक पण मिळता.

देवगडकर: लस बरोबर, पण वरचं उत्तर अर्धं आहे. नुसतं ई७ असेल तर पी५३ (पेशीचं दुसरं राखणदार प्रथिन) गप्प बसत नाही, पेशीला थांबवतो नाहीतर मारतो. म्हणून विषाणूला त्याचं दुसरं प्रथिन ई६ लागतं, ते पेशीच्याच ई६एपी प्रथिनाला हाताशी धरून पी५३वर युबिक्विटिन, म्हणजे 'नष्ट करा'ची खूण लावतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीचं प्रथिनं तोडायचं यंत्र त्याचा फडशा पाडतो. पी५३ची जीन बहुतेक वेळा धडधाकट असते, प्रथिनच टिकत नाही. ई६ शिवाय सेमिनार करूच नकोस.

लॅबवाला_रत्नागिरी: तिचा प्रश्न पी१६चा होता. त्यात ई६ कशाला घुसवता?

देवगडकर: कारण सर पुढचा प्रश्न तोच विचारणार, लिहून घ्या.

वाशिष्ठीकाठ: भांडू नका ना, दोन्ही टाकते. पण मग ई६ ई७ बंद केले तर ही पेशी परत थांबते का, की आता उशीर झाला?

देवगडकर: थांबते! विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत घुसताना त्याची ई२ जीन बऱ्याचदा तुटते, आणि ई२च ई६-ई७ ला दाबून ठेवत असतं. हेला पेशींमधे (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेऊन लॅबमधे वाढवलेल्या) ई२ परत घातलं तेव्हा ई६-ई७ बंद पडले, पी५३ आणि आरबी दोघंही पुन्हा कामाला लागले आणि १९५१ पासून वाढत आलेल्या त्या पेशी वाढायच्या थांबल्या. हे टाकच.

वाशिष्ठीकाठ: पण हेला एचपीव्ही १८ ची ना? माझं १६ आहे, चालेल?

लॅबवाला_रत्नागिरी: चालेल, स्लाइडवर १८ लिही म्हणजे झालं. आणि लाईट आहे तोवर सेव्ह कर.