उत्तर: ६ फूट २ इंच उंची, सायकलची १९ इंची फ्रेम चालेल का?

दुकानदार म्हणतो "सीट वर करून देतो", हे ऐकूनच मीही फसलो होतो. माझी उंची तुमच्याएवढीच, म्हणून सांगतो.

आधी घरी मापं घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांच्या मध्ये घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. माझं भरलं ९० सेंमी. त्याला ०.८८ ने गुणलं की पेडलच्या अ‍ॅक्सलपासून नव्हे, क्रँक (पेडलचा दांडा) ज्या अ‍ॅक्सलभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटपर्यंतची उंची मिळते, म्हणजे साधारण ७९ सेंमी. १९ इंची फ्रेमची सीटट्यूब, म्हणजे सीटखालची उभी नळी, ४८ सेंमी. उरले ३१, त्यातले पाचेक सीटचे. म्हणजे सीटपोस्ट (सीटट्यूबमध्ये सरकणारा सीटचा दांडा) २६ सेंमी बाहेर! ३५ सेंमीच्या पोस्टचे निदान १० आत हवेत, इथे ९च राहतात. माझी पोस्ट 'किमान इतकी आत हवी' या खुणेच्या वर गेली होती. सिंहगडाच्या उतारावर कुरकुर ऐकू आली, घरी येऊन पाहतो तर सीटट्यूबच्या जोडाला केसाएवढी चीर.

दुसरं म्हणजे पोस्ट तिरकी असते, त्यामुळे जितकी वर घ्याल तितके तुम्ही मागे जाता. मग चढावर पुढचं चाक आपोआप उचललं जातं.

इंचांवर जाऊ नका, कंपनीच्या तक्त्यात 'रीच' (क्रँकच्या अ‍ॅक्सलपासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) आणि 'स्टॅक' (तेच अंतर उभं) बघा. एका कंपनीची एक्सएल दुसरीच्या लार्जएवढी निघते. पाय लांब असतील तर स्टॅक जास्त हवा, धड लांब असेल तर रीच. तुमचं यातलं काय आहे?