मदत हवी आहे: माळकरी सासऱ्यांसाठी बिनमटणाचा तांबडा रस्सा (सोयावडी, फणस की तयार पाकिटं?)

नमस्कार मंडळी,

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, यंदा आषाढीला पंढरपूरहून माळ घालून आले. वय ७२. घर कोल्हापूरचं, त्यामुळे बुधवार-रविवार मटण हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. आप्पांनी ते एका दिवसात सोडलं आणि निर्धार पक्का आहे. घरात सगळ्यांना त्याचा आदर आहे. पण परवा जेवताना ते स्वतःच म्हणाले, "मटण नको, पण तांबडा रस्सा तेवढा बिनमटणाचा जमतोय का बघ की." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांना पहिली वाटी वाढून मग स्वतः जेवायला बसणारा माणूस, त्याच्या ताटात काहीतरी मनापासून केलेलं पडावं एवढंच वाटतं.

अडचणी अशा आहेत:

सोयावडी करून बघितली. तिला एक कच्चट वास राहतो आणि चावली की आतून फिकी लागते, मसाला फक्त वरवर. रस्साही पाणचट होतो. मटणाच्या अळणी पाण्याला जो दाटपणा असतो तो कुठून आणायचा?

दुसरं, आप्पांची प्रथिनं. पूर्वी मटण-अंडी होती, आता भाकरी-आमटी, दूध आणि ताक. ते थायरॉइडची गोळीही घेतात, तर सोया चालेल ना?

तिसरं, बाजारात हल्ली वनस्पतीजन्य खिमा, कबाब वगैरे मिळतात. कोणी वापरलेत का? माळकऱ्याला चालतील असे असतात का?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळे दीर-जावा जमतात आणि मटणाचा मोठा बेत असतो. त्या दिवशी आप्पांसाठी वेगळ्या पातेल्यात रस्सा करायचा विचार आहे. कांदा-लसूण त्यांना एकादशी सोडून चालतं.

कऱ्हाडची सुगरण:

ताई, सोयावडीचं आधी सांगते, कारण नव्वद टक्के लोक तिथेच कंटाळतात. वडी बनते तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठापासून. ते पीठ उष्णता आणि दाब देऊन साच्यातून काढतात, म्हणून आत मांसासारखे धागे येतात. पण स्निग्धांश जवळजवळ शून्य. चव धरून ठेवायला आत काहीच नाही, म्हणून तुम्हाला ती फिकी लागते. मटण स्वतःची चरबी रस्स्याला देतं, वडी उलट रस्स्यातलं शोषून घेते. हे डोक्यात ठेवून स्वयंपाक केला की जमतं.

पाण्यात मीठ आणि ठेचलेलं आलं घालून उकळी आणा, त्यात मोठ्या वड्या आठ-दहा मिनिटं उकळा. गार पाण्यात टाका आणि एकेक मूठ दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. पिवळट, फेसाळ पाणी निघतं, वास सगळा त्यात असतो. परत गार पाणी, परत पिळा, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. वडी स्पंजासारखी कोरडी झाली पाहिजे, तरच ती मसाला पिईल. मग सुरीने कापू नका, हाताने धाग्याच्या दिशेने फाडा. फाटलेल्या कडांना मसाला धरतो.

आता दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि चमचाभर तेल लावून तासभर ठेवा. त्यानंतर पसरट तव्यावर सढळ तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता. ही पायरी गाळली तर बाकी सगळं वाया. परतलेल्या वड्या रस्स्यात घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं.

दाटपणासाठी हुलगे. रात्रभर भिजवून भरपूर पाण्यात गाळ शिजवा आणि वरचं पाणी गाळून घ्या. हेच तुमचं अळणी पाणी. अख्ख्या मसुराचं पाणीही छान लागतं, पण काही घरांत चातुर्मासात मसूर चालत नाही, म्हणून हुलगेच धरा. सुकं खोबरं नेहमीपेक्षा एक छटा जास्त भाजा, तीळ-खसखस हात सैल सोडून घ्या, कारण चरबीची जागा त्यांनाच भरायची आहे. वाटणाला तेल सुटलं, कांदा-लसूण चटणी पडली, की हुलग्याचं पाणी उकळतं घाला. गार घातलंत तर तवंग येत नाही. पांढऱ्या रस्स्याला मात्र हे पाणी नको, रंग मळतो. तिथे काजूचं वाटण आणि नारळाचं दूधच.

तुळशीमाळ:

माऊली, तुमच्या आप्पांना माझा नमस्कार सांगा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आप्पांनी रस्सा मागितला आहे, मटणासारखा तुकडा मागितलेला नाही. माझी माळ बरीच जुनी आहे. आमच्या फडावर कितीतरी जण असे आहेत की ज्यांना तिखट रस्सा आवडतो, पण चावायला मांसासारखं लागलं की घास खाली उतरत नाही. काहींना काहीच वाटत नाही. दोन्ही प्रकारचे लोक श्रद्धेनेच वागतात. म्हणून सोयावडी आप्पांना आधी एकदा वेगळी खायला द्या आणि विचारा. त्यांना नको वाटली तर पाटवड्यांचा रस्सा करा. बेसन शिजवून थापलेल्या वड्या, त्याच वाटणाचा झणझणीत रस्सा. त्यात मांसाची आठवण नाही आणि जेवण मात्र पुरेपूर होतं. अळंबी घालायची झाली तरी विचारूनच घाला, आमच्यातले काही जण ती खात नाहीत.

आणि पंचांग बघा. दसरा म्हणजे आश्विन शुद्ध दशमी, दुसऱ्या दिवशी एकादशी. आप्पांचा उपवास असणार, तुमचं वेगळं पातेलं तसंच राहील.

धागाकर्ती:

दादा, बरं झालं सांगितलंत. आतापर्यंत त्या दिवसाकडे आम्ही फक्त मटणाचा दिवस म्हणूनच बघत होतो! आप्पा बोलले नसते, गुपचूप साबुदाणा खाऊन उठले असते. आता आप्पांचा रस्सा बारशीला, उपवास सोडताना. दीर-जावा तेव्हाही इथेच असतील. बहुतेक त्या दिवशी सगळ्यांचंच जेवण त्याच पातेल्यातलं करेन.

आहारतज्ज्ञ, ठाणे:

प्रथिनांचं. सुक्या सोयावडीत १०० ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं असतात. हा आकडा पाकिटावर बघून लोक खूश होतात, पण वडी भिजली की वजन जवळपास तिप्पट होतं. एका माणसाला एका वेळी ३० ग्रॅम सुकी वडी पुष्कळ झाली, त्यातून साधारण १५ ग्रॅम मिळतात. या वयात स्नायू टिकवायला ती रोजच्या डाळी-दुधाबरोबर चांगली भर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा द्यायला हरकत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून.

थायरॉइडच्या गोळीचं शोषण सोयामुळे कमी होऊ शकतं. गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असतील आणि सोया दुपारच्या जेवणात असेल तर मध्ये काही तासांचं अंतर आपोआप पडतं. सोया नियमित सुरू केलंत तर पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

सोयाने न भरणारी एक गोष्ट म्हणजे बी-१२. ते वनस्पतीत नसतं. दूध-ताकातून थोडं मिळतं, पण मांस-अंडी सोडलेल्या ७२ वर्षांच्या माणसाची बी-१२ची पातळी एकदा तपासून घ्याच. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरायला होणं याला घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात, आणि कारण कधीकधी एवढंच असतं.

सावंतवाडीकर:

फणस विचारलात म्हणून. आत्ता मिळणार नाही, पण पुढच्या हंगामात कोवळी कुयरी आणा, आठळी घट्ट व्हायच्या आतली. हाताला आणि विळीला तेल लावून चिरा, नाहीतर चीक जात नाही. हळद-मीठ घालून कुकरला दोन शिट्ट्या, मग हाताने मोकळी करा. रेषा इतक्या सुंदर सुटतात की सुक्क्याला यासारखं दुसरं काही नाही, आणि सोयाचा तो वास तर मुळीच नाही. फक्त प्रथिनांच्या बाबतीत फणस अगदीच गरीब. आम्ही त्यात ओले काजूगर घालतो.

पुण्याहून:

तयार पाकिटं आम्ही बरीच वापरतो. उदयपूरच्या गुडडॉटची काही पाकिटं फ्रिजशिवाय टिकतात, प्रवासाला बरी. रितेश-जिनिलिया देशमुखांचं इमॅजिन मीट्स २०२१मध्ये आलं, त्यात खिमा, कबाब असं गोठवलेलं मिळतं. खिमापाव करायला असा खिमा सोपा जातो, मुलांना फरक कळत नाही.

पण रस्स्यासाठी मी सुचवणार नाही. ही पाकिटं आधीच मसाला-मीठ लावलेली असतात, तुमच्या वाटणाशी भांडतात, आणि मिठाचं प्रमाण वयस्कर माणसाच्या दृष्टीने जास्त वाटतं. शिवाय महाग. पाकिटावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका बघा, आणि घटकांची यादी वाचा. कांदा-लसूण पूड बहुतेकांत असते, म्हणजे एकादशीच्या आसपास नको. खिमाच हवा असेल तर सोयाचे बारीक दाणे आणा. उकळायची गरज नाही, गरम पाण्यात पाच मिनिटं, घट्ट पिळून कोरड्या कढईत परतायचे. चवीला पाकिटाच्या जवळ जातात आणि खर्च किरकोळ.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आप्पांना विचारलं. तुळशीमाळ दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. सोयावडीचा एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "चांगली झालीय, पण हे मला नको. पोरांना कर." म्हणून आप्पांना पाटवड्यांचा रस्सा, हुलग्याच्या पाण्यातला. सोयावडी कऱ्हाडच्या ताईंच्या पद्धतीने मुलांना. आप्पांची प्रथिनं मूग, हुलगे, दूध-दही यांतून बघते. बी-१२ची तपासणी सोमवारी.

शेवटचं एक विचारते. पाटवड्या रस्स्यात घातल्या की विरघळून रस्सा पिठूळ होतो, त्याला काय करायचं?

कऱ्हाडची सुगरण:

बेसन घट्ट शिजवा, पळी उभी राहिली पाहिजे. ताटात थापून पूर्ण गार झाल्यावरच कापा. आणि वड्या पातेल्यात घालूच नका. वाटीत वड्या ठेवायच्या आणि वाढताना वरून उकळता रस्सा ओतायचा.