प्रश्न वेळेचाही आहे
‘स्टिरॉइडने उंदरांच्या पिल्लांची टाळू दुभंगते, म्हणजे गरोदरपणी स्टिरॉइड विषच’ हे विधान मला अर्धंच पटतं. १९५१ साली मॉन्ट्रियलमध्ये फ्रेझर आणि फाइनस्टॅट या संशोधकांनी गाभण उंदरिणींना कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं, तेव्हा एका वाणाच्या (आनुवंशिक जातीच्या) सगळ्या पिल्लांची टाळू दुभंगली. दुसऱ्या वाणात मात्र थोड्याच पिल्लांची.

टाळूच्या दोन पाकळ्या आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात, मग आडव्या होऊन जुळतात. कॉर्टिसोनने हे वळणं लांबतं. तोवर डोकं रुंदावतं आणि पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या वाणात त्या मुळातच उशिरा वळतात.

माणसात टाळू साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जुळते. अकाली प्रसूतीच्या भीतीने बाळाच्या फुप्फुसांसाठी देतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन त्याच्या बरंच नंतरचं. ते घेतलेल्या आयांनी या उंदरांमुळे कृपया घाबरू नये.