जुन्या सिग्नल जनरेटरवरचे हे तीन कनेक्टर कोणते?

प्रश्न
पॅनेलवर तीन तऱ्हेचे कनेक्टर आहेत. पहिला दोन खुंट्यांचा, बीएनसीसारखाच (ढकलून फिरवायचा छोटा केबल-कनेक्टर), पण चांगला एन-टाइपएवढा (आट्यांचा मोठा कनेक्टर) मोठा. दुसऱ्याला आटे आहेत, बाहेरचा व्यास १५.८ मिमी, मधलं भोक दीड मिमीच्या आसपास. त्यावर पीएल-२५९चे (यूएचएफ जातीच्या प्लगचे) दोन आटे सहज चढले. तिसऱ्यात नर-मादी असा प्रकारच दिसत नाही, बाहेरची नळी चार ठिकाणी चिरलेली आहे. अ‍ॅडॅप्टर कोणते घ्यावेत?

उत्तर १
आधी ते पीएल-२५९ उतरवा! एन आणि यूएचएफ दोन्हींचे आटे एकच: ५/८ इंच व्यास, इंचात २४. त्यामुळे सुरुवातीला काही अडत नाही आणि पुढे पीएल-२५९ची ४ मिमीची जाड पिन एनच्या मधल्या पाकळ्यांवर (भोकाभोवतीच्या चिरलेल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर) जाऊन बसते. भोकावरून तुमचा दुसरा कनेक्टर ५० ओहमचा एन आहे. ७५ ओहमचा असता तर भोक ०.९ मिमीच्या आसपास भरलं असतं. या दोघांचीही सरमिसळ नको: ५० ची पिन ७५ मध्ये घातली की पाकळ्या कायमच्या फाकतात. उलट केलं तर पिन सैल राहते, केबल हलली की सिग्नल येतो-जातो.

पहिला सी-टाइप. सी-नर ते एन-मादी असा अ‍ॅडॅप्टर मागा.

तिसरा जनरल रेडिओचा ८७४. दोन्ही बाजू सारख्याच, कुठलाही कुठल्याही ८७४ मध्ये बसतो. लॉकवाला आणि बिनलॉकचाही जुळतो, फक्त पकड नुसत्या घर्षणाची राहते. जोडण्याआधी भिंगातून पाकळ्या बघा. एखादी आत वाकलेली असेल तर लाकडी काडीने हळूच सरळ करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

उत्तर २
वरचं बरोबर. एक भर: नुसत्या व्यासावर जाऊ नका, आट्यांची माथी झिजलेली असतात. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) नसेल तर पाच आट्यांचं अंतर मोजा. एनला साधारण ५.३ मिमी येईल. ६.३५ आलं आणि व्यास १९ मिमी असेल तर तो एचएन, म्हणजे एनसारखाच पण मोठा कनेक्टर.

आणि बीएनसीसारखं दिसतंय पण पांढरं इन्सुलेशन कडेच्या बाहेर डोकावतंय, तर तो एमएचव्ही किंवा एसएचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेजचा. एमएचव्हीवर बीएनसी जोर लावला तर कधीकधी चढतोही, आणि घात तिथेच होतो. व्होल्टेज तपासल्याशिवाय त्याला केबल लावू नका.

प्रश्नकर्ता
पाच आटे ५.३ मिमी भरले. एनची एक पाकळी किंचित फाकली आहे. चिमट्याने दाबू का?

उत्तर १
नको. त्या बेरिलियम कॉपरच्या असतात, वारंवार वाकवल्या की तुटतात. मधला कॉन्टॅक्टच बदला.