साबरमती रिव्हरफ्रंट: खालच्या वाटेनं चालावं की वरूनच बघून पुढे जावं?

काठवाटसरू
अहमदाबादला जाणारे बरेच जण साबरमतीवरच्या अटल ब्रिज या पादचारी पुलावर फोटो काढतात आणि रिव्हरफ्रंट, म्हणजे नदीचे बांधून काढलेले काठ, बघून झाला म्हणतात. माझ्या मते पूल शेवटी बघावा, खरा वेळ पाण्यालगतच्या खालच्या वाटेला द्यावा. मेट्रोच्या गांधीग्राम स्टेशनवरून एलिस ब्रिज चालत गाठता येतो. तिथून दक्षिणेकडे अटल ब्रिजपर्यंतचा टप्पा पहिल्या भेटीला पुरतो.

काठ निवडताना ऊन बघा. नदी साधारण उत्तर-दक्षिण वाहते आणि खालच्या वाटेमागे उंच भिंत आहे. पश्चिम काठाची भिंत संध्याकाळचं ऊन अडवते, पूर्व काठाची सकाळचं. सूर्यास्त पाण्यावर बघायचा म्हणून लोक चार वाजताच पूर्व काठावर उतरतात आणि तापलेल्या काँक्रीटवर ऊन तोंडावर घेत चालतात. सूर्यास्त हवाच असेल तर ऊन कलल्यावर अटल ब्रिजनं पलीकडे जा. त्याला तिकीट आहे.

पात्रकर
अजिबात पटलं नाही. खालून दिसतं काय? एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला थांबलेलं पाणी. ते शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या वासणा बंधाऱ्याच्या दरवाजांनी अडवलेलं आहे आणि बरंचसं नर्मदा कालव्यातून सोडलेलं. पात्र जवळपास एकसारखं २६३ मीटर रुंद करून टाकलंय. पूर्वी कोरड्या पात्रात भाजीपाला पिकायचा, कपडे रंगवून वाळत घातले जायचे. काठावरची हजारो कुटुंबं उठवून वटवा-ओढवसारख्या लांबच्या वसाहतींत नेली. यातलं काहीही त्या फरशीवर दिसत नाही.

त्यापेक्षा विवेकानंद पुलावरून चाला. १८९२ च्या एलिस ब्रिजच्या लोखंडी कमानी शेजारीच दिसतात, पूर्व टोकाला जुन्या तटबंदीचा माणेक बुरूज लागतो आणि पुढे भद्रचा किल्ला. रविवार असेल तर काठावरचा जुन्या वस्तूंचा गुजरी बाजार सकाळीच गाठा.

काठवाटसरू
विस्थापनाचा मुद्दा मान्य, तो सांगितलाच पाहिजे. पण सांडपाण्याचे नाले थेट नदीत पडायचे, ते अडवून दोन्ही काठांलगत मोठ्या वाहिन्या टाकल्या. शहराच्या मधोमध, गाड्यांच्या आवाजापासून खाली, सलग चालायला जागा मिळाली. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना याचं मोल फार आहे.

पात्रकर
त्या वाहिन्या संपतात कुठे? खालच्या अंगाला, पिराणा-वासण्याच्या शुद्धीकरण केंद्रांकडे. बंधाऱ्यापलीकडचं पाणी इतकं वाईट की गुजरात उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. रिव्हरफ्रंट बघायचाच तर वासण्याच्या दोन्ही बाजू बघा.

जिनापायरी
दोघांनी एक गोष्ट सोडली: खाली उतरलात की हवं तिथे वर येता येत नाही. जिने लांब लांब आहेत, उतार त्याहून कमी. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर वर कुठून यायचं ते आधी नकाशावर बघून ठेवा. सावली आणि पाणी यांच्या भरवशावर खाली जाऊ नका, पिण्याचं पाणी सोबत घ्या.

पावसाळ्यात वरच्या अंगाच्या धरोई धरणातून विसर्ग वाढला की वासण्याचे दरवाजे उघडतात आणि खालची वाट बंद करतात. पाणी ओसरलं तरी फरशीवर गाळ राहतो, आणि तो फार निसरडा असतो.

पात्रकर
हाच मुद्दा पुणेकरांनी नीट वाचावा. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं काम याच धर्तीवर चाललंय, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल आजही बुडतो.